टर्बो गाडीतला एअरफ्लो सेन्सर इंटरकूलरच्या पुढे हलवावा का, आणि हलवायचा तर कसा?

प्रश्न थोडक्यात असा: दोन लिटरची टर्बो पेट्रोल गाडी. मोठा इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) टाकला आणि हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला. तेव्हापासून जोरात खेचून गिअर बदलला की गाडी गचका देते, मागून काळा धूर निघतो, आणि थांबताना क्लच दाबला की कधीकधी इंजिन बंदच पडते. कुणीतरी सुचवले की एअरफ्लो सेन्सर फिल्टरजवळून काढून इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) आधी बसव. हे बरोबर आहे का, आणि काय काळजी घ्यायची?

उपाय खरा आहे. पण तुमच्या दुखण्याला तो लागतोच असे नाही, आणि अर्धवट केला तर आजपेक्षा वाईट गाडी हातात येईल. मी हे काम बऱ्याच गाड्यांवर केले आहे, आणि त्याहून जास्त गाड्यांच्या मालकांना करू नका म्हणून सांगितले आहे. दोन्हीची कारणे एकाच गोष्टीत आहेत, ती आधी नीट समजून घेऊ.

एअरफ्लो सेन्सर म्हणजे जकात नाका. नाक्यावर जेवढा माल मोजला तेवढा सगळा इंजिनात पोचला, आणि नाका चुकवून काहीही आत आले नाही, एवढ्या दोन गोष्टी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गृहीत धरतो. पेट्रोल त्याच हिशेबाने सोडतो. कंपनीने सेन्सर फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये ठेवला, म्हणजे नाक्यापासून सिलिंडरपर्यंत टर्बो, पाइप, इंटरकूलर, पुन्हा पाइप असा लांबलचक रस्ता आहे. तुमचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह या रस्त्याच्या मध्येच माल उतरवतो. तुम्ही पाय उचलला, थ्रॉटल बंद झाला, व्हॉल्व्ह उघडला. आता इंजिनाला समजा सेकंदाला चार-पाच ग्रॅम हवा पुरते. टर्बो मात्र अजून गरगरतोय आणि फिल्टरमधून सेकंदाला तीस-चाळीस ग्रॅम ओढतोय. सेन्सर प्रामाणिकपणे ती सगळी मोजतो, ईसीयू तेवढ्या हवेचे पेट्रोल ओततो, आणि हवा मात्र बॉनेटखाली फुस्स होऊन गेलेली असते. प्लग भिजतात, काळा धूर निघतो. त्यातच आरपीएम खाली येत असतील तर इंजिन आयडलिंग पकडू शकत नाही आणि मरते.

म्हणून पहिला सल्ला साधा: तोच व्हॉल्व्ह, किंवा परत फिरवणारा दुसरा, टर्बोच्या आधीच्या पाइपला जोडा. सोडलेली हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाशी येते, म्हणजे मोजलेला माल रस्त्यातच फिरत राहतो, हिशेब जुळतो. एका संध्याकाळचे काम. फक्त परतीची नळी सेन्सरच्या पुढे, त्यापासून जमेल तितकी लांब आणि टर्बोच्या दिशेला तिरकी घ्या. सेन्सरकडे तोंड करून जोडली तर उलटा झोत त्याच्यातून जातो, आणि साध्या तारेच्या सेन्सरला हवा कुठल्या बाजूने आली ते कळत नाही. तो ती पुन्हा एकदा मोजतो. आवाज जातो हे मान्य. नुसत्या आवाजासाठी सेन्सर हलवायचा असेल तर माझे मत स्पष्ट आहे: नको.

मग हलवायचा कधी? टर्बो एवढा मोठा घातला की त्याच्या तोंडाशी सेन्सर मावत नाही, किंवा मावला तरी फिल्टर, सेन्सर आणि टर्बो एकमेकांना चिकटून बसतात, तेव्हा. आणि ईसीयू पुन्हा ट्यून करायची सोय असेल तेव्हाच. ही दुसरी अट सोडून चालत नाही.

पुढे हलवल्याचा खरा फायदा आवाजात नसून पिकअपमध्ये दिसतो. मोठा इंटरकूलर आणि पाइप मिळून आठ लिटर जागा आहे असे धरा. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, शून्यावरून एक बारवर चढताना या जागेतच जवळपास नऊ ग्रॅम जादा हवा भरते. तुमचे इंजिन ३००० आरपीएमला बूस्टशिवाय सेकंदाला साधारण ५० ग्रॅम आणि एक बारला १०० ग्रॅम हवा घेते, म्हणजे बूस्ट चढायच्या त्या एका सेकंदात सरासरी ७५. पण फिल्टरजवळचा सेन्सर मोजतो ८४. बारा टक्के जादा पेट्रोल, तेही नेमके गाडी खेचायला लागते त्या क्षणी. इंटरकूलर जितका मोठा तितकी ही चूक मोठी. सेन्सर थ्रॉटलजवळ आला की मधली जागा लिटर-दीड लिटरवर येते आणि मोजणी इंजिनाच्या श्वासाबरोबर चालते. दुसरा फायदा, सेन्सरच्या आधी कुठे क्लॅम्प सैल झाला तर फक्त बूस्ट थोडा कमी मिळतो, मिश्रण बिघडत नाही. जुन्या जागी तोच लीक गाडीला रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, करून सोडतो.

आता सेन्सर कुठल्या जातीचा आहे ते बघा, कारण सगळे एअरफ्लो सेन्सर दाबाखाली चालत नाहीत. हा मुद्दा सोडून पुढे गेलेली माणसे पिस्टन वितळवून परत आलेली मी पाहिली आहेत.

जुन्या गाड्यांत झडपेचा मीटर असतो, बॉशच्या एल-जेट्रॉनिक या पेट्रोल इंजेक्शनमधला तो. हवा झडप ढकलते, ती किती उघडली त्यावरून हवेचा अंदाज घेतला जातो. हे ढकलणे हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर चालते. घनता दुप्पट झाली, म्हणजे एक बार बूस्टला, की तेवढ्याच वजनाची हवा निम्म्या वेगाने जाते आणि झडप कमी ढकलते. गणित मांडले तर मीटर खऱ्या हवेच्या सुमारे ७१ टक्केच दाखवतो. पूर्ण बूस्टवर २९ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल तेवढे कमी. असा मीटर इंटरकूलरच्या पुढे कधीही नेऊ नका.

दुसरी जात कारमान भोवऱ्यांची. मित्सुबिशीच्या ४जी६३ टर्बो इंजिनात आणि टोयोटाच्या ७एम-जीटीई इंजिनात ती सापडते. वाटेत ठेवलेल्या खुंटीमागे भोवरे सुटतात, ते मोजून हवेचा वेग कळतो. वेगच, वजन नव्हे. वजन काढायला ईसीयूला तापमान आणि बाहेरचा हवेचा दाब लागतो. दुप्पट दाबात वेग निम्मा, म्हणून आकडाही निम्मा. असल्या गाडीत सेन्सर पुढे न्यायचा तर गरम तारेचा दुसरा सेन्सर आणि त्याचा सिग्नल ईसीयूला समजेल असा करून देणारा डबा लागतो, किंवा सरळ दुसरा ईसीयू.

तिसरी जात गरम तारेची किंवा गरम पापुद्र्याची. आजच्या बहुतेक गाड्यांत हीच असते आणि पुढे न्यायला हीच चालते. तारेला हवेपेक्षा ठराविक अंश गरम ठेवायला किती करंट लागतो, त्यावरून हवा मोजली जाते. अशी तार किती उष्णता गमावते याचे सूत्र एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडले. त्यातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच की तारेला घनता गुणिले वेग जाणवतो. दाब वाढला, घनता दुप्पट, वेग निम्मा, गुणाकार तोच. वजन थेट मोजले जाते. म्हणून तोच सेन्सर त्याच घरासकट (ज्या पाइपच्या तुकड्यात तो बसतो त्यासकट) इंटरकूलरच्या पुढे नेला तर कागदावर काहीच बदलायला नको. प्रत्यक्षात पाच-दहा टक्के फरक पडतो, आणि त्याचे कारण दाब नसून वळणे.

पाइपच्या वळणातून बाहेर पडलेली हवा सरळ येत नाही. बाहेरच्या कडेला जोरात, आतल्या कडेला संथ, वर पीळ मारत. सेन्सरची तार मात्र पाइपमधल्या एकाच ठिपक्यावरची हवा बघते आणि त्यावरून सगळ्या पाइपचा अंदाज बांधते. म्हणून सेन्सरच्या आधी सरळ पाइप हवा, निदान व्यासाच्या चार-पाच पट. ७२ मिलिमीटरच्या पाइपला म्हणजे सुमारे ३० ते ३५ सेंटीमीटर. नंतरही एक-दोन पट सरळ असावा. एवढी जागा बॉनेटखाली सहसा मिळत नाही, हे मलाही माहीत आहे. मग निदान वळण आणि सेन्सर यांच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी बसवा आणि सेन्सर फिरवून बघा. कार्डसारखा सेन्सर असेल तर त्याची फट हवेच्या बरोबर समोर हवी. पाच-सात अंश तिरकी बसली तरी आकडा बदलतो. बाणाची दिशा तपासा. हसू नका, उलटा बसवलेला सेन्सर मी दोनदा बघितला आहे. सेन्सर पाइपच्या तळाशी कधीच नको, इंटरकूलरमधून आलेले तेल तिथे साचते. वरून किंवा बाजूने तिरका घाला.

सेन्सरच्या मूळ घरात तोंडाशी जाळी असेल तर ती काढून टाकायचा मोह आवरा. कंपनीने मोजमाप त्या जाळीसकट केलेले आहे, ती काढली की व्होल्टेजवरून हवा काढायचा ईसीयूतला सगळा तक्ता सरकतो.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह सेन्सरच्या आधी, निदान २० ते ३० सेंटीमीटर अलीकडे. चिकटून असला तर उघडताना त्याचा भोवरा तारेवरून फिरतो. सेन्सर आणि थ्रॉटलमध्येही थोडे अंतर लागते, कारण थ्रॉटलच्या पाकळीवरून आणि इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या ओव्हरलॅपमुळे (आत घेणारा आणि बाहेर सोडणारा क्षणभर एकदम उघडे असतात) मागे येणारे हेलकावे साधी तार दोनदा मोजते. मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) घातला असेल तर हा त्रास आयडलिंगला स्पष्ट दिसतो. पण अंतर फार वाढवले तर जी जागा कमी करायला निघालो तीच पुन्हा वाढली. शिवाय पाय उचलल्यावर सेन्सर-थ्रॉटलमधली दाबाखालची हवा उलटी फिरून ब्लो-ऑफमधून बाहेर पडते आणि तार तीही मोजते. ३० सेंटीमीटर पाइपमध्ये ती दीड ग्रॅमहून कमी असते, गाडीला ती जाणवत नाही. एक मीटर ठेवलात तर जाणवेल.

आता पाइपचा व्यास. इथे मी स्वतः तोंडावर पडलो आहे. घर नको म्हणून नुसता कार्डाचा सेन्सर काढून ॲल्युमिनियमच्या पाइपला वेल्ड केलेल्या फ्लँजवर बसवला. मूळ घर आतून ७० मिलिमीटर, नवा पाइप ७६. व्होल्टेज तेच असताना जाणारी हवा क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ७६ भागिले ७० चा वर्ग, म्हणजे १.१८. ईसीयूतला सगळा तक्ता १८ टक्क्यांनी चढवला आणि गाडी चालू केली. रिच. आयडलिंगला रिच, क्रूझला (एका वेगात चालताना) रिच, सगळीकडे सारखीच अकरा-बारा टक्के. दोन दिवस इंजेक्टर, फ्युएल प्रेशर, लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असे सगळे तपासून झाले. म्हणतात ना, दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. शेवटी व्हर्नियर पाइपच्या आत घातला. ७६ हा बाहेरचा व्यास होता. भिंत दोन मिलिमीटरची, आतून भरला ७२. गुणक हवा होता १.०६. तेव्हापासून पाइपवर लिहिलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, आतून मोजतो, दोन दिशांनी, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप कधीकधी लंबगोल होतो.

उलटी चूकही होते. इंटरकूलरचा पाइप आतून ६३ चा आहे म्हणून सेन्सर तिथेच ठोकून दिला. आता गुणक ०.८१ झाला. जो सेन्सर जुन्या घरात २४० ग्रॅम प्रति सेकंदापर्यंत मोजत होता तो १९५ च्या आसपास पाच व्होल्टला टेकतो. त्यानंतर हवा कितीही वाढो, आकडा हलत नाही, आणि पेट्रोलही वाढत नाही. ३०० हॉर्सपॉवरला ढोबळमानाने २२५ ते २३० ग्रॅम प्रति सेकंद हवा लागते. आपला पल्ला आधी काढा, मग व्यास ठरवा. फार मोठा पाइपही नको, नाहीतर आयडलिंगचा सगळा कारभार तक्त्याच्या तळातल्या दोन-तीन खणांत होतो आणि गाडी डुलत राहते.

आता नळ्या. हे प्रकरण सगळ्यांत जास्त वेळ खाते, आणि सेन्सर हलवणारे दहातले आठ जण इथेच अडकतात. नाका हलवला की प्रत्येक नळीला विचारायचे, बाई, तू नाक्याच्या अलीकडे की पलीकडे? पूर्वी टर्बोच्या आधीचा पाइप मोजलेल्या हवेचा होता. आता तो न मोजलेल्या हवेचा आहे. तिथून निघून टर्बोला वळसा घालून इनटेक मॅनिफोल्डमध्ये जाणारी प्रत्येक नळी आता चोरवाट झाली.

पहिली चोरवाट आयडल कंट्रोल व्हॉल्व्हची. बऱ्याच गाड्यांत त्याची हवा टर्बोच्या आधीच्या पाइपमधून येते. तशी असेल तर ती काढून सेन्सर आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपला जोडा. बूस्टमध्ये त्याच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखाच दाब असतो, त्यामुळे व्हॉल्व्हला सहसा त्रास होत नाही, पण नळी जाड घ्या आणि दोन्हीकडे चांगला क्लॅम्प लावा. आत एकदिशा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दिशा बघून घ्या.

दुसरी चोरवाट कुणाच्या लक्षात येत नाही, ती क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या पोकळीची. आयडलिंगला मॅनिफोल्डची ओढ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून क्रँककेसमधली वाफ खेचते. तिच्या जागी ताजी हवा हवी, ती हेड कव्हरच्या ब्रीदर नळीतून येते, आणि ब्रीदर जोडलेला असतो टर्बोच्या आधीच्या पाइपला. पूर्वी ही हवा मोजून झालेली असायची. आता ती फिल्टरमधून येते, ब्रीदरमधून क्रँककेसमध्ये शिरते, पीसीव्हीतून मॅनिफोल्डमध्ये पोचते आणि नव्या सेन्सरला तिचा पत्ताही नसतो. आयडलिंगला लीन, आरपीएम वरखाली, थोडी रेस दिली की सगळे ठीक. माणूस व्हॅक्युम लीक शोधत बसतो, धूर सोडून बघतो, लीक कुठेच नाही. असणार कसा, कंपनीनेच घातलेली नळी आहे.

ब्रीदरही सेन्सरनंतरच्या पाइपला जोडून टाकू, असे मनात येईल. करू नका. तिथे बूस्ट असतो, तो सरळ क्रँककेसमध्ये जाईल आणि ऑइल सील बाहेर ढकलेल. मी करतो ते असे: मॅनिफोल्डची पीसीव्ही जोडणी बुच मारून बंद, ब्लॉकचा आणि हेड कव्हरचा असे दोन्ही श्वास एका चांगल्या कॅच कॅनमध्ये (वाफेतले तेल अडवणाऱ्या डब्यात), आणि कॅनमधून एक नळी टर्बोच्या आधीच्या पाइपला. तिथे कायम हलकी ओढ असते. जी काही वाफ येईल ती टर्बोतून फिरून सेन्सरसमोरूनच जाईल. कॅन आतून जाळी किंवा पडदे असलेला घ्या. रिकामा डबा फक्त शोभेला असतो, तेल त्यातून सरळ पुढे जाते, आणि आता पुढे तुमची तार बसली आहे.

टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या कॅनिस्टरच्या पर्ज नळीला हात लावू नका. ती हवा पूर्वीही सेन्सरमधून येत नव्हती. ब्रेक बूस्टरचेही तेच.

तापमानाचा सेन्सर बहुतेक वेळा एअरफ्लो सेन्सरच्याच पोटात असतो. कनेक्टरला पाच पिना असतील तर तो आहेच असे धरून चाला. आतापर्यंत तो बाहेरची हवा बघत होता, आता इंटरकूलरनंतरची बघेल. ईसीयूला वाटेल बाहेर ५५ अंश तापमान आहे, आणि तो इग्निशन मागे घेईल, म्हणजे ठिणगी उशिरा पाडेल. गाडी सुस्त वाटेल आणि दोष टर्बोला जाईल. ट्यून करताना हे तक्ते बदलता येत असतील तर उत्तमच, चार्ज हवेचे खरे तापमान मिळणे हे चांगलेच. नसेल तर त्या दोन तारा वेगळ्या काढून मूळ जागी दुसरा तापमान सेन्सर बसवा. बहुतेकांचा रेझिस्टन्स २० अंशाला दोन ते तीन किलोओहमच्या दरम्यान असतो, पण जुळवून घेतल्याशिवाय जोडू नका.

दाब आणि उष्णता. प्लॅस्टिकचे घर ओढीसाठी बनवलेले असते, फुगण्यासाठी नाही. एक बारला टिकेल, दीडला शिवण उकलेल. ॲल्युमिनियम वापरा. कार्डाचा सेन्सर दोन स्क्रूंवर आणि एका ओ-रिंगवर बसतो, ती रिंग नवी घाला आणि फ्लँजचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट करून घ्या. गाडीला इंटरकूलरच नसेल तर विषय तिथेच संपला. हे सेन्सर साधारण १२० अंशांपर्यंतचे, आणि टर्बोतून निघालेली हवा ते सहज ओलांडते.

वायरिंगबद्दल थोडेच. मूळ तारेइतक्याच जाडीची तार, सिग्नल आणि त्याची स्वतःची ग्राउंड एकमेकांभोवती पिळून, इग्निशन कॉइल आणि अल्टरनेटरपासून लांब. सिग्नलची ग्राउंड जवळच्या बोल्टला देऊ नका, ती ईसीयूपर्यंतच गेली पाहिजे. नाहीतर हेडलाइट लावल्यावर मिश्रण बदलते आणि कुणाला काही कळत नाही.

चालू करण्यापूर्वी प्रेशर टेस्ट. टर्बोचे तोंड बुचाने बंद करा, त्यातून रेग्युलेटर लावून हळूहळू हवा द्या, ऑइलची कॅप उघडी ठेवा, आणि साबणाचे पाणी प्रत्येक जोडावर. दाब तुमच्या बूस्टपर्यंतच. बुचासमोर तोंड करून उभे राहू नका, ते सुटते तेव्हा गोळीसारखे सुटते. सेन्सरनंतरच्या जोडांकडे सगळ्यांत बारकाईने बघा, कारण नव्या मांडणीत मिश्रण बिघडवणारा लीक तिथलाच. तिथून बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर जाते आणि आयडलिंगला बाहेरची आत येऊ शकते.

ईसीयूची जुनी शिकवण पुसून टाका, नाहीतर तो आठवडाभर जुन्याच चुका दुरुस्त करत राहील. इंजिन गरम झाले की आयडलिंगला साधारण तीन ते पाच ग्रॅम प्रति सेकंद दिसायला हवेत. फ्युएल ट्रिम (ईसीयू स्वतःहून पेट्रोलात करतो ती दुरुस्ती) आयडलिंगला आणि क्रूझला पाच टक्क्यांच्या आत आले तर मांडणी बरोबर आहे. आयडलिंगला +१५ आणि क्रूझला शून्य असेल तर कुठेतरी चोरवाट उरली आहे, नळ्यांकडे परत जा. सगळीकडे सारखाच फरक असेल तर व्यासाचा गुणक चुकला. एका ठराविक व्होल्टेजच्या आसपासच खड्डा पडत असेल तर तिथे हवा पीळ खातेय, जाळी किंवा सेन्सरचा कोन बघा. या तीन खुणा ओळखता आल्या की निम्मे ट्यूनिंग लॅपटॉपशिवाय होते.

बूस्टमध्ये ट्रिमवर विसंबू नका, मिश्रणाचा नेमका आकडा देणारा वाइडबँड लॅम्बडा लावाच (एक म्हणजे बरोबर मिश्रण, त्याखाली रिच). तक्त्यातला आकडा गुणिले मोजलेला लॅम्बडा भागिले हवा असलेला लॅम्बडा, हे गणित पुरते. ०.८० हवा आहे आणि ०.८८ आला, तर त्या खणातली हवा दहा टक्क्यांनी वाढवा. शेजारचे खण एका रेषेत ठेवा, दातेरी तक्ता घातला की गाडीही दातेरी चालते. आणखी एक गोष्ट सुरुवातीला घाबरवेल: पाय एकदम दाबला की क्षणभर लीन होऊन गाडी अडखळेल. पूर्वी पाइप भरताना जे फुकटचे बारा टक्के पेट्रोल मिळत होते ते आता गेले. ॲक्सिलरेशनचे पेट्रोल थोडे वाढवावे लागते, एवढेच.

ट्यून न करता, मोठ्या पाइपमध्ये सेन्सर घालून मोठे इंजेक्टर जुळवून घेण्याची एक जुनी युक्ती आहे. पेट्रोल जुळतेही. पण ईसीयू इग्निशनही याच हवेवरून ठरवतो. त्याला हवा कमी दिसली की इंजिनावर भार कमी आहे असे वाटते आणि तो टायमिंग पुढे नेतो, नेमके पूर्ण बूस्टवर. मग नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटून ठोके), आणि पुढचे सांगायला नको. नव्या गाड्यांत एअरफ्लो आणि मॅनिफोल्ड प्रेशर दोन्ही असतात आणि ईसीयू एकावरून दुसऱ्याची साक्ष काढतो. तिथे आकडे जुळले नाहीत की पी-०१०१ हा एअरफ्लो सेन्सरचा फॉल्ट कोड येतो. अशा गाडीत ट्यूनरला सेन्सर सोडून निव्वळ दाबावर चालवता येते का ते आधी विचारा, कधीकधी ते सोपे पडते. डिझेलचा तर प्रश्नच नको, तिथे हा सेन्सर मुख्यतः ईजीआर (जळालेला वायू पुन्हा आत फिरवणे) आणि धुरासाठी आहे. तो हलवून मिळवायचे काहीच नाही.

तुमच्या गाडीपुरते सांगायचे तर आधी ब्लो-ऑफ परत फिरवा आणि पंधरा दिवस चालवा. गचका आणि धूर गेला तर सेन्सर आहे तिथे राहू द्या. मोठ्या इंटरकूलरमुळे बूस्ट चढतानाची जडता तरीही खटकत असेल आणि ट्यूनर हाताशी असेल, तर मग वरचे सगळे. हलवल्यानंतर हजारेक किलोमीटरांनी सेन्सर एकदा काढून उजेडात धरा. तार स्वच्छ दिसली तर परत लावा. पिवळसर चिकट थर दिसला तर सेन्सरसाठीचाच स्प्रे मारा, ब्रेक क्लीनर नाही, कापसाचा बोळा तर मुळीच नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कनेक्टर लावू नका. बॉशच्या जुन्या एलएच-जेट्रॉनिकमध्ये इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर हजारेक अंशांपर्यंत तापवून मळ जाळून टाकत, तुमच्या पापुद्र्याच्या सेन्सरला ती सोय बहुधा नसेल. थर पुन्हा पंधरा दिवसांत आला, तर स्प्रे ठेवून द्या आणि कॅच कॅनचे झाकण उघडून आत जाळी खरेच आहे का ते बघा.